गावात दादा, पलटणीत शिपाई

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी स्वतः फौजी नाही, झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे. धाकटा भाऊ इन्फंट्रीत आहे. त्याला असं काही नेटवर लिहिता येत नाही, म्हणून त्याला विचारून मी लिहितोय. युनिट, ठिकाण, नाव काही सांगणार नाही. कृपया कोणी विचारूही नका.

भाऊ मार्चमध्ये नाईक झाला, म्हणजे शिपायाच्या वरची पायरी. दहा वर्षं नोकरी झाली आहे. आम्ही पेढे वाटले. गावात तसा तो पहिल्या सुट्टीपासूनच 'मेजर' आहे. आमच्याकडे भरती झालेलं प्रत्येक पोरगं मेजरच असतं, खरा मेजर गावात आला तर त्याला काय म्हणतील देव जाणे. तर त्याच्या सेक्शनचे हवालदार कोर्सला गेलेत आणि दहा माणसांचं सेक्शन सध्या भावाकडे आहे.

त्या सेक्शनमध्ये एक शिपाई आहेत. नोकरी चौदा वर्षं आणि वर चार महिने. शेजारच्या गावचे. शिवाय माझ्या बायकोच्या मावसबहिणीचे दीर. भाऊ पलटणीत नवा आला तेव्हा याच माणसाने त्याला सांभाळलं. पहिल्या बर्फात मोजे दोन घालायचे की एक, घरी फोन लावल्यावर काय बोलायचं नाही, एलएमजी (हलकी मशीनगन) अंधारात खोलून परत कशी जोडायची, सगळं यांनीच शिकवलं. भाऊ त्यांना पहिल्या दिवसापासून दादा म्हणतो. मीही इथे दादाच लिहितो.

दादांचं प्रमोशन राहिलं. प्रमोशन कॅडर (बढतीसाठीचा कोर्स) लागलं तेव्हा गुडघ्यामुळे त्यांची मेडिकल कॅटेगरी खाली गेलेली होती. पुढे गुडघा बरा झाला, कॅटेगरी परत वर आली, पुन्हा संधी मिळाली, तर नकाशावाचनात अडकले. एक लाल शाईची एंट्री, म्हणजे शिक्षेची नोंद, पण आहे. आई वारली तेव्हा सुट्टीवरून अकरा दिवस उशिरा गेले आणि कळवलं नाही. पगाराचं म्हणाल तर आठ वर्षांनंतर बढती नसली तरी मिळणाऱ्या पगारवाढीमुळे (एमएसीपी) त्यांना नाईकाचाच पगार आहे, इन्क्रिमेंट धरून भावापेक्षा थोडा वरच. म्हणजे पैसा नाईकाचा, दंडावर फीत नाही.

जुलैमध्ये भावाने रात्रीच्या पहाऱ्याची यादी लावली. दादांना दोन ते चार. दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "आता माझी ड्यूटी तू लावणार का रे बारक्या?" समोर दोन अग्निवीर उभे होते. भावाने हसण्यावारी नेलं आणि त्या रात्री दोन ते चार स्वतः उभा राहिला. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने दादांचं नाव त्या ड्यूटीला लावलंच नाही. तर परवा त्यातला एक अग्निवीर येऊन विचारतो, "उस्ताद, पुढच्या आठवड्यात माझी पण दोन-चारची बदलून मिळेल का?"

सीएचएमना (कंपनी हवालदार मेजरना) सांगितलं तर दादा कंपनी कमांडरसमोर उभे राहणार. पंधरा वर्षांची पेन्शन आठ महिन्यांवर आली आहे. नाही सांगितलं तर सेक्शन हातातून जातंय. आणि आम्हाला गावात राहायचं आहे. तुमच्यात कोणी नोकरी केलेले असतील तर सांगा, अशा वेळी करतात काय?

---

रोखठोक

यात विचारायचं काय? आर्मी आहे, किराणा दुकान नाही. सरळ रिपोर्ट करायचा. हुकूम म्हणजे हुकूम. भाऊबंदकी घरी ठेवा.

---

खडूफळा

@रोखठोक, धन्यवाद. रिपोर्ट करता येतो एवढं भावालाही माहीत आहे. पण एकदा विचारतो, आपण नोकरी कुठे केलीत?

---

रोखठोक

आयटी. पण तत्त्व तेच असतं.

---

जुनी पलटण

गुरुजी, रामराम. सुभेदार म्हणून उतरलो, अठ्ठावीस वर्षं इन्फंट्रीत काढली. आता शेती आणि गुडघेदुखी, दोन्ही चालू आहेत. मोबाईलवर टाइप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी तुमच्या भावाची चूक सांगतो. दादांची मागाहून.

त्याने दादांच्या जागी दोन रात्री पहारा दिला. त्याला वाटलं आपण माया केली. गुरुजी, पहाऱ्याच्या रजिस्टरात त्या रात्री नाव कुणाचं होतं? दादांचं. मोर्चावर (पहाऱ्याच्या जागेवर) उभा कोण? नाईक. त्या दोन तासांत काही झालं असतं, गोळी सुटली असती, कुणी तारेखालून आलं असतं, तर चौकशीत पहिला प्रश्न हाच की यादीतला माणूस कुठे होता. दादा झोपलेले सापडले असते आणि नाईक खोटी यादी ठेवणारा. दोघंही गेले असते. म्हणून त्याला आजच सांगा, दुसऱ्याची ड्यूटी स्वतःच्या अंगावर घ्यायची नाही. यादी बदलायची तर उघड बदलायची, रजिस्टरात लिहून, वर कळवून.

दुसरं म्हणजे सेक्शन कमांडर स्वतः दोन तास संत्री म्हणून उभा राहिला, मग बाकीचे मोर्चे तपासले कोणी?

आता दादा. मी नवा नाईक होतो तेव्हाची गोष्ट. साल ९४, काश्मीर, उंचावरची पोस्ट. माझ्या सेक्शनमध्येही असाच एक जुना शिपाई होता. माझ्यापेक्षा सहा वर्षं सीनियर, आमच्याच तालुक्यातला. त्यांना आण्णा म्हणू. मी तुमच्या भावासारखा मऊ नव्हतो. फीत लागून पंधरा दिवस झाले होते, अंगात आलं होतं. आण्णा फॉलिनला (रांगेतल्या हजेरीला) दोन मिनिटं उशिरा आले आणि मी नव्या पोरांसमोर त्यांना झापलं. नावाने हाक मारून. आण्णा एक शब्द बोलले नाहीत. सावधान उभे राहिले आणि "जी, उस्ताद" म्हणाले. मला वाटलं जिंकलो.

त्या दिवसापासून आण्णांनी माझा एकही हुकूम मोडला नाही. आणि हुकमाच्या पुढे एक तसूभरही काम केलं नाही. संध्याकाळी म्हटलं, आण्णा, पाण्याचे दोन जेरीकॅन भरून घ्या. दोन भरले. पोस्टवर मोकळे चार होते. ढग खाली आलेले, सहा हिवाळे त्या डोंगरात काढलेला माणूस, त्याला न कळण्यासारखं काय होतं? मला कळत नव्हतं. मी दोन म्हटलं, त्याने दोन भरले. रात्री बर्फ पडलं, ओढ्याची वाट बंद. अडीच दिवस आम्ही बुखारीवर (शेगडीवर) डबे ठेवून बर्फ वितळवून प्यायलो. एवढा मोठा डबा बर्फ टाकावा तर खाली चार बोटं पाणी, त्यालाही घासलेटाचा वास. कोणावर चार्ज लावणार? हुकूम तर तंतोतंत पाळलेला.

आमचे प्लाटून हवालदार तिसऱ्या दिवशी वर आले. त्यांनी त्या चहाचा एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता आण्णांना बोलतील. त्यांनी मला बाहेर नेलं आणि विचारलं, "फीत कुणी दिली?" म्हटलं, सरकारने. "आणि चार जेरीकॅन कोण देणार?"

एवढंच. पुढे काही शिकवलं नाही. तशी त्यांची पद्धतच होती, अर्धं बोलून विडी पेटवायची.

मला उलगडायला आठवडा लागला. मग मी आण्णांकडे गेलो. माफी मागितली नाही, खोटं कशाला सांगू, जमलं नाही. म्हटलं, आण्णा, एलएमजी आजपासून तुमच्याकडे. तेव्हा ती वर मॅगझीन लागणारी जुनी एलएमजी होती. मोर्चात ती कुठे बसवायची, मारा कुठून कुठवर, नव्या पोरांना कोण कधी शिकवणार, सगळं तुम्ही ठरवायचं. मी फक्त विचारत जाईन. आणि खरंच विचारत गेलो. एकदा मला जागा चुकीची वाटली तरी आण्णांची ठेवली. दुसऱ्या दिवशी मीच पालथा पडून नेम धरून बघितला, तर त्यांचंच बरोबर होतं. त्या हिवाळ्यात पुन्हा पाणी कमी पडलं नाही.

एक मात्र मी सोडलं नाही. ड्यूटीची यादी. ती नाईकाचीच. त्यात आण्णांची दोन-चारसुद्धा आली आणि त्यांनी ती केली.

म्हणून गुरुजी, दादा म्हणणं सोडू नका म्हणावं. चहाला, जेवणाला, झोपताना दादाच. फॉलिनमध्ये, मोर्चावर, वायरलेसवर नाव आणि नंबर. पलटणीत हे सगळ्यांना समजतं, अग्निवीरालाही समजतं. मिसळ होते तिथेच घाण होते.

आता मला एक सांगा. दादांनी नाकारली ती फक्त दोन-चारची ड्यूटी, की सगळ्याच? दुपारची करतात का? गेटवरची करतात का? जुना माणूस एकच काम नाकारत असेल तर मला आधी त्या कामाचा संशय येतो, मग माणसाचा.

---

मेघना क.

सुभेदारकाका, जेरीकॅनची गोष्ट आमच्या ह्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, आमच्याकडे हेच डिझेलच्या बाबतीत झालं होतं 😀

गुरुजी, मी फौजीची बायको म्हणून एकच सांगते. हे घरच्या फोनवर आणू नका. माझ्या मिस्टरांचं आणि त्यांच्या बॅचमेटचं असंच बिनसलं होतं. त्याच्या बायकोने मला विचारलं, मी तिला काहीतरी उत्तर दिलं. ते तिकडे पोचेपर्यंत त्याचं 'तुझ्या नवऱ्याला आम्ही भांडी घासायला लावू' झालं. मी असं बोललेच नव्हते. ते दोघं पंधरा दिवसांत एका ताटात जेवायला लागले, आम्ही दोघी सहा वर्षं बोललो नाही.

---

दोन तारे

सुभेदार साहेबांना जय हिंद. मी शॉर्ट सर्व्हिसमधून मेजर म्हणून बाहेर पडलो. साहेबांच्या पुढे बोलायचं म्हणजे जपून, कारण माझ्यासारख्या किती लेफ्टनंटांना त्यांच्यासारख्या सुभेदारांनी वाचवलंय याची मोजदाद नाही. मला पहिल्याच महिन्यात वाचवलं होतं. मी बावीसचा, आमचे सीनियर जेसीओ (सुभेदाराच्या फळीतले) साहेब चव्वेचाळीसचे. मी फायरिंगच्या दिवशी सगळ्यांसमोर एक चुकीचा हुकूम दिला. साहेबांनी खणखणीत "जी साहब" म्हटलं, सॅल्यूट ठोकला आणि कंपनीला दहा मिनिटं पाणी प्यायला सोडलं. त्या दहा मिनिटांत माझ्याजवळ येऊन हळूच, "साहब, हवा उस तरफ की है." पुढचा हुकूम मी बरोबर दिला. कंपनीला वाटलं मीच दिला.

पण गुरुजींच्या प्रश्नावर माझं मत थोडं वेगळं आहे, ते सांगतो.

पहिलं, कायदा. आर्मी अ‍ॅक्ट १९५० मध्ये 'वरिष्ठ अधिकारी' या शब्दात नॉन-कमिशन्ड ऑफिसरही धरलेला आहे. म्हणजे शिपायासाठी नाईक हा कायद्याने वरिष्ठ. त्याचं वय, शिपायाची नोकरी, गावचं नातं यांना तिथे जागा नाही. कलम ४१ खाली कायदेशीर हुकूम मोडला तर एरवी पाच वर्षांपर्यंत, अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सीमेवरच्या बऱ्याच भागातली नोकरी अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस धरतात. पहाऱ्याच्या ड्यूटीसाठी कोणी कोर्ट मार्शल करत बसत नाही, पण आपण कशाशी खेळतोय हे दादांना माहीत असायला हवं. चौदा वर्षांत ते नक्की ऐकलेलं असणार.

तेच नाईकालाही. कलम ४७ बघा. आपल्याहून हुद्द्याने किंवा पदाने खालच्या माणसाला मारणं, छळणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत. चिडून दादांना रगडा द्यायचा मोह झाला तर हे आठवावं. आणि 'कायदेशीर' या शब्दाला वजन आहे. पहारा लाव, मोर्चा खण, हे कायदेशीर. माझ्या घरचं सामान ट्रकमध्ये चढव, हे नाही.

दुसरं, इथे मूळ चूक वरच्यांची आहे. शेजारच्या गावचे, नात्यातले, एक दुसऱ्याचा उस्ताद, आणि त्यांना एकाच सेक्शनमध्ये ठेवून कनिष्ठाला फीत? भरती एकाच पट्ट्यातून होते त्या पलटणींमध्ये हे होणारच, म्हणून कंपनी कमांडरने बढतीच्या दिवशीच नाईकाला दुसऱ्या प्लाटूनमध्ये टाकायला हवं होतं. एका सहीचं काम. अजूनही करता येईल. भावाने कंपनी कमांडरची भेट (इंटरव्ह्यू) मागावी आणि तक्रार न करता सेक्शन बदलून मागावं.

---

जुनी पलटण

मेजर साहेब, जय हिंद. हवेची गोष्ट आवडली. आमच्याकडे हवेऐवजी सूर्य असायचा.

सेक्शन बदलण्याचं पटलं नाही, माफ करा. बढतीच्या दिवशी बदललं असतं तर उत्तम, शंभर टक्के. आता चार-पाच महिने गेले, दोनदा नकार झाला, अग्निवीरांनी बघितलं. आता नाईक उठून दुसऱ्या प्लाटूनला गेला तर कंपनीत एकच बोलणं, दादांनी हलवला. तिकडच्या सेक्शनमध्येही कोणीतरी दादा असणारच. आणि मागे उरलेल्या दादांचं काय? पुढचा नाईक त्यांच्याशी भांडायच्या तयारीनेच येणार.

अग्निवीरांचं मात्र गंभीर आहे. आम्ही भरती झालो तेव्हा चूक झाली तर एक्स्ट्रा ड्यूटी, विषय संपला. ही पोरं २०२२ नंतरची, चार वर्षांची मुदत, त्यातली शंभरात पंचवीसच्या आतच कायम राहणार. ती पोरं पुस्तक नाही वाचत, माणसं वाचतात. कोणाचं चालतं हे त्यांना चहाच्या रांगेतच कळतं. त्याने ड्यूटी बदलून मागितली त्यात त्याचा दोष नाही. त्याने भाव विचारला.

---

अर्जदार

वकिली करतो, सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे काही प्रकरणं केली आहेत, म्हणून पेन्शनच्या भीतीपुरतं.

एक लाल एंट्री आहे, अजून एक झाली, तर नोकरी जाते असं नाही. चार लाल एंट्र्यांनंतर 'अनिष्ट' ठरवून डिस्चार्ज देण्याची पद्धत सैन्यात होती आणि आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की चार झाल्या म्हणूनही आपोआप काढता येत नाही. आधी चौकशी हवी, आणि नोकरी किती झाली, कोणत्या खडतर ठिकाणी झाली, पेन्शन किती जवळ आहे हे बघायला हवं. त्यामुळे 'रिपोर्ट केला तर दादांची पेन्शन बुडाली' हे समीकरण चूक आहे. कंपनीच्या पातळीवर बहुधा छोटी शिक्षा होईल. कलम ८० मधल्या शिक्षांमध्ये 'एक्स्ट्रा गार्ड' हीदेखील एक शिक्षा आहे. म्हणजे पहारा नाकारला म्हणून शिक्षा काय, तर जास्तीचा पहारा. आमच्या कायद्याला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं.

आणि दादांना खरंच अन्याय वाटत असेल तर कलम २६ प्रमाणे तक्रारीचा मार्ग त्यांनाही आहे. हुकूम न पाळणं हा तो मार्ग नाही.

---

कुलाब्याचा वारा

थोडं अवांतर. तक्रारीचा मार्ग कागदावर असून चालत नाही, तो चालू असावा लागतो. आमच्या कुलाब्यातच 'तलवार' हे नौदलाचं सिग्नल शाळेचं ठाणं होतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये तिथल्या खलाशांनी कमांडर किंग या आपल्या प्रमुखाच्या शिवराळ भाषेविरुद्ध आधी रीतसर तक्रारीच केल्या होत्या. त्यांची दाद लागली नाही, उलट तक्रारदारांनाच दम मिळाला. १८ फेब्रुवारीला त्यांनी जेवण नाकारलं आणि काही दिवसांत कराचीपर्यंत बंड पसरलं. सुरुवात कुठून, तर शिव्या आणि निकृष्ट जेवणापासून.

---

रोखठोक

इथे एका पहाऱ्यावरून आता नाविक बंडापर्यंत आलो. वा.

---

जुनी पलटण

@कुलाब्याचा वारा, अवांतर नाही साहेब. जेवणावरून पलटण बिघडते हे लंगर कमांडरला विचारा.

गुरुजी, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. दादा कुठली ड्यूटी नाकारतात?

---

खडूफळा

उशिराबद्दल क्षमा. सहामाही परीक्षेचे पेपर तपासत होतो आणि भावाचा फोन नऊ दिवसांनी लागला.

सुभेदार साहेब, तुमचा प्रश्न मी त्याला जसाच्या तसा वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, दादा गेटवरची ड्यूटी करतात. दिवसाचीही करतात. एकदा बारा-दोनची रात्रीची पण केली, खालच्या मोर्चावर. नाकारल्या त्या दोन्ही वेळा वरचा मोर्चा होता. वर जायला लोखंडी शिडी आहे, अकरा पायऱ्या, आणि पहाटे त्यावर दव गोठतं.

मी म्हटलं, गुडघा?

त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. दहा वर्षं ज्यांच्या शेजारी झोपला त्यांच्या. त्याला वाटत होतं त्याच्या फितीचाच राग आहे.

(थोड्या वेळाने) रेंज गेली होती त्याची. पुढचं लिहितो. तो सरळ जाऊन दादांशी बोलला. दादा आधी भडकले. मग म्हणाले, चढता येतं, उतरताना गुडघा सुटतो. आणि डॉक्टरला सांगितलं तर कॅटेगरी पुन्हा खाली, आठ महिने राहिलेत, गुपचूप जाऊ दे. "तू बारक्या आहेस म्हणून तुला शिवी देऊन टाळलं, हवालदार असता तर चढलो असतो आणि पडलो असतो."

---

दोन तारे

अरे. हे रिपोर्टचं प्रकरण नाही, आरएमओचं, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरचं आहे. ज्याला घाईत खाली उतरता येत नाही तो माणूस वर एकटा उभा करणं हे त्याच्याही जिवाशी खेळणं आहे आणि बाकीच्या नऊ जणांच्याही. भावाने हे कळल्यानंतर लपवलं तर आता तो दोषी. आणि खाली गेलेली कॅटेगरी म्हणजे घरी पाठवणं नव्हे, दादांना स्टोअरमध्ये किंवा शस्त्र शिकवायला ठेवता येतं.

---

जुनी पलटण

मेजर साहेबांशी आता पूर्ण सहमत.

पण गुरुजी, भावाने दादांच्या पाठीमागून डॉक्टरकडे जायचं नाही. दादांना तारीख द्यायची. तुम्ही जाता की मी सीएचएमना सांगू, आणि अमक्या दिवसापर्यंत. दिवस सांगितलाच पाहिजे. दिवस नसला की तो सल्ला होतो, हुकूम होत नाही.

आणि हे सांगताना दादाच म्हणावं.

---

खडूफळा

झालं ते कळवतो, कारण बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं.

भावाने सांगितलं, "दादा, गुरुवारच्या सिक रिपोर्टला तुम्ही जा. नाही गेलात तर संध्याकाळी मी सीएचएमना सांगणार, आणि हेही सांगणार की जुलैत दोन रात्री मी तुमच्या जागी उभा होतो." हे दुसरं वाक्य त्याचं स्वतःचं, मी किंवा सुभेदार साहेबांनी सुचवलेलं नव्हतं. दादा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्याच्या ताटात चपात्या वाढायची त्यांची पाळी होती, तेव्हा ताट बघितलंच नाही, पुढे गेले.

गुरुवारी सकाळी सिक रिपोर्टच्या रांगेत दादा पहिले होते.

आरएमओंनी तपासलं, पुढे मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं ठरलं आहे, तोवर चढ-उताराची ड्यूटी नाही. कॅटेगरीचं काय होईल ते मेडिकल बोर्ड बसल्यावर. जुलैच्या रजिस्टरबद्दल भावाने सीएचएमना स्वतःच सांगितलं. त्यांनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण वर नेलं नाही. दादा सध्या अग्निवीरांना शस्त्राचे भाग शिकवतात, डोळ्यांवर रुमाल बांधून. त्या ड्यूटी बदलून मागणाऱ्याला वरच्या मोर्चावर सलग तीन रात्री दोन-चार लागली आहे, यादी भावाचीच.

फॉलिनमध्ये दादा आता "जी, उस्ताद" म्हणतात. भाऊ म्हणतो, ते ऐकून पोटात गोळा येतो. सुभेदार साहेब, तुमच्या आण्णांची आठवण त्याला मीच करून दिली, आता तो मोकळे जेरीकॅन स्वतः मोजतो.

गावाकडची बातमी मात्र बरी नाही. मेघनाताई, तुमचं ऐकून आम्ही घरात चकार शब्द काढला नव्हता. दादांनीच हॉस्पिटलचं घरी सांगितलं, आणि तिथून बायकोच्या मावसबहिणीचा फोन आला, "तुमच्या दिराने आमच्या भाऊजींना आजारी पाडलं म्हणे." पाडव्याला त्यांच्याकडे जेवायला जायचं ठरलेलं आहे. बायको विचारतेय, जायचं की नाही. मी अजून काही बोललेलो नाही.